डाव्या हाताची मूठ

अख्खं डांगर बाईने फोडायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. डांगर म्हणजे लाल भोपळा. आधी पुरुषाने त्याला घाव घालायचा, दोन भकलं करून द्यायची, मग बाईने पुढं चिरायचं. का, ते मला कुणी धड सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चांदवडकडच्या आमच्या गावात ही रीत होती, नाशिकला सातपूरच्या कारखान्यात लागल्यावर कॉलनीतही तीच. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकघरात मी केलेलं काम एवढं एकच. बायको हाक मारायची, "अहो, या. डांगर वाट बघतंय तुमची." मी पेपर ठेवून उठायचो, घाव घालायचो आणि गड जिंकल्यासारखा परत येऊन बसायचो.

ती गेल्यावर पाचव्या महिन्यात शेजारच्या वहिनी एक डांगर घेऊन आल्या. त्यांचे मालक ट्रकवर असतात, आठ-आठ दिवस घरी नसतात.

"भाऊ, एवढं फोडून द्या. घरात गडीमाणूस नाही."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. पाच महिन्यांत मला कुणी कसलं काम सांगितलं नव्हतं. लोक यायचे, बसायचे, चहा नको म्हणायचे आणि जायचे. मी म्हटलं, "द्या इकडं."

मी आधी कोयत्याने फोडायचो, पण कोयता सापडेना. घरातली कुठली वस्तू कुठं आहे हे तिलाच माहीत. ओट्याखाली तिची विळी होती, ती ओढली. त्या विळीचं पातं हलत होतं. हे मला नवं नव्हतं. तिने वर्षभर तरी सांगितलं असेल, "अहो, तेवढा बोल्ट आवळून द्या, पातं डुलतंय." ज्या माणसाने अडतीस वर्षं कारखान्यात बोल्ट आवळले, त्याला घरातला एक आवळायला सवड झाली नाही. ती हलत्या पात्यावरच चिरत राहिली.

मी पाटावर पाय दिला, डांगर दोन्ही हातांनी पात्यावर दाबलं. साल कडक होती. मी अंगाचा भार टाकला. पातं कलंडलं, डांगर एका बाजूला सटकलं आणि माझा उजवा हात सरळ धारेवर आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, जिथं बोट तळहाताला मिळतं तिथं.

"अगं बाई, भाऊ!" वहिनी ओरडल्या.

"काही नाही. वरवर लागलंय."

त्यांनी हळदीचा डबा उपडा केला हातावर, फडकं गुंडाळलं आणि मला ओढत नाक्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने धुतलं, टाके घातले. मग म्हणाला, "काका, बोटं हलवून दाखवा."

मी हलवली. बोटं मुळाशी वाकली, पण ताठच्या ताठ, फाटकाच्या अडसरासारखी. मधलं पेर आणि टोक जागचं हललं नाही. मला ते दिसलं. डॉक्टरच्या मागं रांग लागलेली, त्याने अर्धवट बघितलं.

"हलताहेत ना?"

"हलताहेत."

असं का बोललो, ते सांगितलं पाहिजे. कारखान्यात आम्ही पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो. कुणाला लागलं तर कापसाचा बोळा मुठीत धरायचा आणि काम चालू ठेवायचं. साहेबाने विचारलं "लागलं का रे", तर सांगायचं, "काही नाही साहेब." लागलंय म्हटलं की मशीनवरून काढून झाडू मारायला लावायचे, आणि बाकीचे हसायचे, "काय पाहुणे, सासुरवाडीला आलात का?" तेव्हा हात लपवायची सवय लागली. रिटायर झालो, पण सवय काही रिटायर झाली नाही.

आम्हाला एकच लेक. ती ठाण्याला असते, नोकरी करते, महिन्याकाठी दोन दिवस येते. त्या वेळी ती आली तेव्हा लागून अकरा दिवस झाले होते. टाके निघाले होते, वरून जखम छान मिटली होती. मी चहा केला आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत कप धरून तिच्यापुढं नेला. ती कपाकडं न बघता माझ्या हाताकडं बघत बसली.

"आण्णा, मूठ वळा."

"चहा घे आधी."

"मूठ वळा म्हणते ना मी."

वळली. तीन बोटं आत गेली, दोन बाहेर उभी राहिली.

"हे कधीपासून?"

"होईल बरं. आतली सूज आहे."

"तुम्ही डॉक्टर झालात का?" ती म्हणाली. पुढचं ती वहिनींकडं जाऊन विचारून आली. परत आली ती चप्पल न काढताच उभी राहिली. "उठा."

गंगापूर रोडला हाताचीच ऑपरेशनं करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी माझं बोट एका पेराला धरलं आणि म्हणाल्या, आता टोक वाकवा. मी जोर लावला. कपाळावर घाम आला, टोक ढिम्म. जोर नुसता मनगटापाशी कुठं तरी लागत होता आणि पुढं जात नव्हता. पट्टा तुटलेल्या मोटारीसारखा.

"शीर तुटली का?" मी विचारलं.

"शीर रक्ताची असते. ही दोरी आहे. तिला कंडरा म्हणतात." मग त्यांनी समजावलं. बोट वाकवणारं मांस बोटात नसतंच. ते कोपराच्या खाली असतं आणि तिथून पांढऱ्या दोऱ्या निघून, मनगटातून, तळहातातून बोटाच्या टोकाला जातात. बोटात शिरल्यावर दोरी एका अरुंद नळीतून सरकते.

"म्हणजे सायकलच्या ब्रेकची वायर आणि तिच्यावरचं कव्हर," मी म्हटलं.

"अगदी तसंच. तुमची वायर तुटून टोक मागं तळहातात ओढलं गेलंय. पहिल्या दिवशी आला असता तर काम सोपं होतं. आणखी पंधरा दिवस गेले असते तर टोकं ओढूनही जुळली नसती."

लेकीने माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या हाताच्या चित्राकडं बघितलं.

बाई म्हणाल्या, "मी दोन टोकं समोरासमोर आणून शिवणार. पण माझ्या दोऱ्यात दम नाही हे लक्षात ठेवा. तो फक्त टोकं धरून ठेवतो. खरा सांधा शरीर करणार."

हे मला कळलं. वेल्डिंगवाला आधी दोन ठिकाणी टाका मारून पत्रा जागेवर धरतो, त्यावर कुणी भार टाकत नाही. मी तसं बोललो तर त्या हसल्या. मग म्हणाल्या, पत्र्याला हलवलं नाही तर चालतं, इथं तसं नाही. या दोरीला रक्त कमी, म्हणून ती सावकाश भरते. पहिले दोन-तीन आठवडे ती सगळ्यात कच्ची. तेव्हा जोर लावला की तटकन तुटते. आणि भीतीने हात नुसता ठेवून दिला तर शरीर भरताना बघत नाही काय कशाला जोडायचं. दोरीचं टोक दोरीला जोडतं, तसं नळीच्या भिंतीलाही चिकटवून टाकतं. दोरी शाबूत, पण सरकत नाही. बोट लाकूड.

"मग करायचं काय?"

"या बोटांनी स्वतः काही धरायचं नाही, वळायचं नाही. डाव्या हाताने हळूच ती मिटायची, हळूच सोडायची. दर तासाला दहा वेळा. सहा आठवडे."

बाहेर आल्यावर लेक बाकड्यावर बसली. "आण्णा, ऐका. हात आला नाही तर घर बंद करायचं आणि माझ्याकडं यायचं. दोन बोटं उभी घेऊन तुम्ही गरम पातेलं उचलणार, चादरी पिळणार, आणि मी तिकडं ऑफिसात बसून काय देव आठवू?"

"येईल हात."

"आला तर राहा. मी एक शब्द बोलणार नाही."

सौदा झाला. माझं सगळं त्या दोन बोटांवर आलं. घर काही मोठं नाही, दोन खोल्या आणि पुढं पडवी. पण बायकोने घातलेलं लिंबाचं लोणचं अजून अर्धी बरणी होतं, मी रोज एकच फोड घ्यायचो. पिठाच्या डब्यात तिची वाटी होती. कपाटात साड्या तशाच. या घराला कुलूप लागलं की ती खरीच गेली, असं मला वाटायचं. हे मी कुणाला बोललो नाही. बोलायची रीतच नाही आमच्यात.

ऑपरेशन दंड बधिर करून झालं. मी जागा होतो. मध्ये पडदा, पलीकडं माझा हात, आणि तो माझा नाही असं वाटत होतं. बाई एकदा म्हणाल्या, "सापडलं टोक." हरवलेलं पोर सापडावं तसा आवाज. मग हातामागं एक कडक पट्टी बसवली, मनगट आणि बोटं पुढं झुकलेली, कुणाला भिक्षा मागतोय असा हात. लेक दोन आठवडे रजा काढून राहिली. घड्याळ लावायची. तास झाला की माझ्यापुढं बसायची आणि मोजायची. माझा डावा हात, माझं उजवं बोट, आणि मोजणारी ती. त्या दोन आठवड्यांत चुकारपणा करायची सोयच नव्हती.

ती ठाण्याला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत बसून बोट मिटत होतो. चौथ्यांदा मिटलं आणि आत टक् झालं. दुखलं नाही. नुसतं टक्. कारखान्यात वायर तुटायच्या आधी तिचा एक पदर सुटतो, तेव्हा असाच आवाज येतो. तुटली, असं वाटलं. हात मांडीवर ठेवला तो दिवसभर उचलला नाही.

डॉक्टरबाईंना फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. केला नाही. कारण त्या म्हणाल्या असत्या तुटली, लेकीला कळलं असतं, आणि घर गेलं असतं. नाही विचारलं तर अजून तुटलेली नाही, असा हिशोब. शहाणा माणूस असा हिशोब करत नाही. मी केला.

त्यानंतर मी बोटाला हात लावला नाही. संध्याकाळी लेकीचा फोन यायचा.

"केलं का?"

"केलं."

"दर तासाला?"

"हो गं बाई."

वहिनी दोन वेळचं आणून द्यायच्या. एकदा म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला ते व्यायाम करताना कधी बघितलं नाही." मी म्हटलं, "तुम्ही काय पहारा देता का?" त्या बिचाऱ्या डबा ठेवून गेल्या. मधे एकदा डॉक्टरीणबाईंकडच्या, बोटांचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी दवाखान्यात बोलावलं होतं. रिक्षा मिळाली नाही म्हणून कळवलं. रिक्षा दारात उभी होती.

सहा आठवड्यांनी पट्टी निघाली. हात दुसऱ्याचा वाटत होता, कातडं सुटलेलं, वास येत होता. व्यायामाच्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी बोट धरून मिटलं, ते मिटलं. म्हणाल्या, "आता तुम्ही मिटा." बोटं अर्ध्याच्याही अलीकडं येऊन थांबली.

"तुटली ना?" मी विचारलं.

"नाही काका. तुटली असती तर एवढंही आलं नसतं. दोरी छान जुळलीय. चिकटलीय फक्त."

"पण आत टक् झालं होतं."

"कधी? मग फोन नाही का करायचा? सुजेच्या जागी दोरी सरकताना होतं कधी कधी तसं. त्याचा अर्थ काही नव्हता." मग त्यांनी माझ्याकडं नीट बघून विचारलं, "व्यायाम केले होते ना रोज?"

"केले."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांना कळलं होतं. त्यांनी नवीन व्यायाम दाखवले, तीन महिने घाम गाळा म्हणाल्या, आणि नाही सुटली तर पुन्हा उघडून सोडवावी लागेल.

त्या संध्याकाळी लेकीने तोंड दिसतं तो फोन केला. मी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.

"दाखवा आण्णा. मूठ दाखवा."

मी दाखवली. डाव्या हाताची. अगदी जवळ धरली, म्हणजे पडद्यावर मूठच दिसेल. घट्ट, पाची बोटं आत.

"अगं आई गं!" ती ओरडली. ऑफिसातून नुकतीच आली होती, पदर खोचलेला, मागं कुकरची शिट्टी. "किती छान! अहो, बघा इकडं, आण्णांची मूठ वळली!" जावई डोकावले, हसले, गेले. ती डोळे पुसत होती. "राहा तुम्ही तिथंच. मी दिला होता शब्द. आता माझ्या जिवाला घोर नाही. आज झोपेन मी नीट."

मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. घर राहिलं, बरणी राहिली. आणि तिचं ते शेवटचं वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं.

कारण तसा नीट मीही झोपलो होतो. बायको जायच्या दोन दिवस आधी कणीक मळता मळता थांबली आणि उंबऱ्यावर बसली. हात कणकेने भरलेले तसेच. मी टीव्हीवर मॅच बघत होतो. विचारलं, "काय झालं?" "काही नाही, पित्त झालंय." मी म्हटलं, "बरं." दुसऱ्या दिवशी तिने जबडा दुखतो म्हणून पोळी भिजवून खाल्ली. "दाखवायचं का?" "काही नाही हो. दाढ असेल." "बरं." दोन्ही वेळा मला हलकं वाटलं. ती काही नाही म्हणाली की मला उठावं लागत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदयाचं होतं, दोन दिवस सांगत होतं. कुणाला सांगत होतं? मला. आणि ती बाई माझ्या घरात चाळीस वर्षं राहून माझीच भाषा शिकली होती.

"आण्णा? दिसत नाही तुम्ही. फोन सरळ करा."

"थांब," मी म्हटलं. "तो डावा हात होता."

"काय?"

"मूठ. डाव्याची होती. उजवी वळत नाही. व्यायाम केले नाहीत मी. तू गेल्यापासून एकदाही नाही. घाबरलो होतो."

मागं कुकर शिट्ट्या देत होता, तो कुणीतरी बंद केला. मला वाटलं फोन कट झाला.

"तुम्ही आणि आई," ती म्हणाली. आवाज फुटला. "तुम्ही दोघांनी मिळून मला काय समजून ठेवलंय? परकी आहे मी?" आणि मग, "शनिवारी येते. कपडे भरून ठेवा."

"भरतो," मी म्हटलं.

ती आली. मी वाद घातला नाही. तिला बहुतेक वाटलं होतं मी घालीन. वहिनींकडं किल्ली दिली. त्या म्हणाल्या, "भाऊ, आठवड्याला झाडून ठेवीन." त्यांची माफी मागायची होती, पण मी नुसतं "लक्ष ठेवा" म्हणालो. लोणच्याची बरणी लेकीने टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली. कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत तिने ती खाली ठेवली नाही.

ठाण्याला चार महिने रोज बोटं मिटली. थोडी सुटली, पुरती नाही. मग दुसरं ऑपरेशन झालं. दोरी उघडून नळीच्या भिंतीपासून मोकळी केली. या वेळी थांबायला सवड नसते. दुसऱ्याच दिवसापासून, टाके ओले असतानाच, बोट स्वतःच्या जोराने मिटावं लागतं. नाही तर ती काही तासांतच पुन्हा चिकटायला लागते. तिथले व्यायामाचे साहेब बोलके. म्हणाले, "बाबा, दुःखाचंही असंच असतं बघा, हलतं ठेवायचं." मी म्हटलं, "साहेब, बोटाचं बोला."

नाशिकचं घर अजून बंद आहे. उघडेल की नाही, ते ठरलेलं नाही. लेक विषय काढत नाही, मीही नाही. लिहायला ही दोन बोटं लागत नाहीत, ती कागदावर आडवी पडून राहतात, म्हणून एवढं लिहिता आलं. साहेब म्हणतात, करंगळी तळहाताला टेकेल, शेजारच्या बोटाचं सांगता येत नाही.

सकाळी ऑफिसला निघायच्या आधी लेक माझ्यापुढं स्टूल ओढून बसते. केस ओले, एका हातात घड्याळ.

"मिटा. पाच. सहा. पुरतं मिटा, अर्धं नको. सात."

"दुखतंय," मी म्हणतो. "लय दुखतंय."

"कुठं?"

मी दाखवतो. मधल्या पेराच्या आत, जिथं कातडं अजून लाल आहे. ती तिथं अंगठा ठेवते, जरा दाबून बघते.

"इथं?"

"तिथंच."

"ठीक आहे. आज साहेबांना सांगू," ती म्हणते. "आठ."